मान दुखतेय आणि तुम्ही बरगडी का दाबताय?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि बऱ्याचदा जरा चिडूनच येतो. पेशंट मान धरून येतो, मी त्याला उभं करते, वाकायला लावते, बसवते, परत वाकवते, पाठीवरून हात फिरवते आणि मग भलतीकडंच काहीतरी सुरू करते, त्याला वाटतं मॅडमना ऐकूच आलेलं नाही. म्हणून म्हणलं एकदा सविस्तर लिहावं, की ऑस्टिओपॅथीत, म्हणजे सांधे-स्नायू हातानं तपासून मोकळे करायच्या पद्धतीत, उपचार करणारा माणूस सुरुवात कुठून करायची हे ठरवतो तरी कसं. मी मूळची फिजिओथेरपिस्ट, ऑस्टिओपॅथी नंतर शिकले. आपल्याकडं हे करणारे बहुतेक असेच, आधी फिजिओ आणि मग हे. अमेरिकेत मात्र ऑस्टिओपॅथीची डिग्री घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहितात, ऑपरेशन करतात. आणि इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी १९९३ चा वेगळा कायदा आहे. त्यामुळं नेटवर वाचताना कुठल्या देशाचं वाचताय ते बघा, नाहीतर गोंधळ होतो.

थोडं मागचं सांगते. हे शास्त्र काढलं अँड्र्यू टेलर स्टिल या माणसानं, जन्म १८२८, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वासच उडाला. १८७४ मध्ये त्यानं आपली पद्धत जाहीर केली, १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्कस्व्हिल गावात शाळा काढली. त्याआधी तो गावोगाव फिरायचा आणि स्वतःला विजेसारखा झटपट हाडं बसवणारा म्हणून जाहिरात करायचा, म्हणजे आपल्याकडचा हाडवैद्यच की! त्याच्या लहानपणाची एक गोष्ट मला फार आवडते. दहाएक वर्षांचा असताना डोकं ठणकत होतं, त्यानं नांगराचा दोर दोन झाडांना जमिनीपासून वीतभर उंच बांधला, त्यावर पांघरुणाचं टोक टाकलं आणि त्याची उशी करून मान टेकवून पडला, झोप लागली आणि उठला तर डोकं थांबलेलं. (पांघरूण म्हणलं की आम्हा सोलापूरकरांच्या डोळ्यापुढं चादरच येते, त्याला इलाज नाही.) डोकं दुखत होतं आणि आराम मिळाला मानेमागं टेकू दिल्यावर. दुखतं एकीकडं आणि हात लावायचा दुसरीकडं, ही सगळी भानगड तिथूनच सुरू झाली असं समजा.

पण एक गोष्ट आधी. "मूळ कारण वेगळीकडंच असतं" हे वाक्य ऐकायला इतकं भारी वाटतं की आमच्या धंद्यात त्याचा जाम गैरवापर होतो. मान दुखतेय तर टाचेत दोष आहे, टाच दुखतेय तर जबड्यात आहे, पेशंट थक्क होतो आणि दहा सेशनचं पॅकेज घेऊन जातो. दुखतं तिथंच बिघाड असणं हेही अगदी नेहमीचं आहे, हे लक्षात असू द्या.

आमचे अण्णा मागावर जॉबर होते, म्हणजे विणायचे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे. अख्खी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली. टॉवेलची किनार आखडायला लागली की नवीन पोरगा किनारीकडंच बघत बसायचा आणि अण्णा आधी मागं जाऊन बीमचा, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळाचा, ताण बघायचे, मग आडवा धागा नेणारा धोटा नीट येतोय-जातोय का, मग त्यातली सुताची कांडी. मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा हे बघितलेलं. पण खरं महत्त्वाचं ते पुढं करायचे ते. ते एकच गोष्ट बदलायचे, माग चालू करायचे, चार बोटं कापड विणून घ्यायचे आणि हात लावून बघायचे. सुधारलं तर ठीक, नाहीतर ती गोष्ट होती तशी परत करून दुसरी धरायचे. एकदम चार नट फिरवणाऱ्या माणसाला ते कारखान्यात उभं करायचे नाहीत, कारण मग सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही आणि बिघडलं तर बघायलाच नको. मला ऑस्टिओपॅथीतली सगळ्यात अवघड गोष्ट शिकायला दोन वर्षं लागली आणि ती हीच होती.

आता प्रत्यक्ष काय होतं ते.

सुरुवातीची सुरुवात म्हणजे हात न लावणं. आधी प्रश्न. दुखणं रात्री झोपेतून उठवतं का, कुस बदलली तरी कमी होत नाही का, ताप येतो का, वजन उतरलंय का, पूर्वी कॅन्सर झालाय का, पडला-बिडला आहात का, बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का. कंबरदुखीत लघवी अडकत असेल किंवा जांघेत, बसायच्या जागेला बधिरपणा आला असेल, दोन्ही पाय लुळे पडल्यासारखे वाटत असतील तर मी टेबलवर झोपवतसुद्धा नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवते, तिथं तासातासाला महत्त्व असतं. आपल्याकडं मणक्याचा टीबीही काही दुर्मिळ नाही, बारीक ताप आणि पाठीच्या एकाच मणक्यावर बोट ठेवलं की जीव जातो असं असेल तर आधी तपासण्या. डावा खांदा-जबडा दुखतोय आणि घाम फुटलाय तर हृदय. उजवा खांदा दुखतोय पण खांदा सगळीकडं मस्त हलतोय आणि तळकट खाल्लं की वाढतंय तर पित्ताशय, कारण छातीच्या पडद्याची नस आणि खांद्याची नस मानेत एकाच भागातून निघते, मेंदूला पत्ता नीट कळत नाही. या सगळ्यात "कुठून सुरू करायचं" याचं उत्तर "माझ्याकडून नाही" हे असतं.

हे निस्तरलं की मग अख्खं शरीर एकदा वरवर बघायचं. पाठमोरं उभं करून कान, खांदे, पाठीची पाती, कमरेची हाडं एका रेषेत आहेत का. मग पुढं वाकायला लावायचं आणि कमरेवर मागं जे दोन खळगे दिसतात तिथल्या हाडांखाली दोन अंगठे ठेवायचे, वाकताना एक अंगठा जास्त वर सरकला तर त्या बाजूला काहीतरी धरलंय असं समजतात. हेच परत बसवून करायचं. बसल्यावर पायांचा खेळ संपतो, त्यामुळं फरक बसल्यावर गायब झाला तर पायाकडून काहीतरी येतंय, तसाच राहिला तर वरून, धडाकडून येतंय. आयडिया म्हणून सुंदर आहे, पण चाचणी म्हणून तेवढी पक्की नाही, त्यावर खाली येतेच.

मग हात. आम्ही चार गोष्टी शोधतो. एक, मांसाचा पोत, म्हणजे तिथली कातडी-स्नायू शेजारच्यापेक्षा घट्ट, दोरीसारखी, ओलसर, गरम किंवा गार लागते का. दोन, डाव्या-उजव्यात फरक. तीन, हालचाल कमी. चार, दाबल्यावर दुखणं. पेशंटला चौथीच माहीत असते, आम्हाला जास्त तिसरी आवडते. पालथं झोपवून मणक्यावर एकेक करून हलका दाब देत खाली जायचं, चांगला मणका स्प्रिंगसारखा जरा आत जाऊन परत येतो आणि अडकलेला पाटावर दाबल्यासारखा लागतो. बऱ्याच लोकांची पद्धत सरळ आहे, सगळ्यात जास्त आखडलेला भाग शोधा, आधी त्या भागातला सगळ्यात आखडलेला सांधा धरा, तो सोडवा आणि परत सगळं बघा. त्यामागचा विचार असा की शरीर त्या एका जागेला सांभाळून घ्यायला बाकीच्या चार जागा वाकड्या करतं, म्हणून ती सुटली की चारातल्या दोन-तीन आपोआप सुटतात आणि तुमची मेहनत वाचते.

पण दोन जागा सारख्याच आखडलेल्या निघाल्या तर? इथं फ्रान्सकडची एक युक्ती कामाला येते. एका जागेवर हलका हात ठेवून ती धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं दुसरी जागा तपासायची. पहिली धरल्यावर दुसरी सैल लागली तर पहिली मुख्य. मग उलटं करून बघायचं. जुगाड वाटेल पण डोकं त्यात आहे. त्याच बाजूची आणखी एक पद्धत आहे, उभ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि शरीर कुठल्या बाजूला ओढलं जातंय ते "ऐकायचं". मी शिकले, परीक्षेत करूनही दाखवली, पण खरं सांगते, मला ते ओढणं पेशंटचं आहे की माझ्याच हाताचं ते आजतागायत कळलेलं नाही, त्यामुळं मी ती वापरत नाही. चांगली वापरणारे असतील, त्यांच्याशी भांडण नाही.

अजून एक विचार गॉर्डन झिंक नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथचा. तो म्हणाला मणक्यात चार जोड बघा, कवटी आणि मान, मान आणि पाठ, पाठ आणि कंबर, कंबर आणि खालचं त्रिकोणी हाड. प्रत्येक ठिकाणी मांस हलकेच डावीकडं-उजवीकडं फिरवून बघायचं, कुठं सहज फिरतं. धडधाकट माणसात बहुतेक वेळा ते आलटून-पालटून येतं, डावं-उजवं-डावं-उजवं, म्हणजे प्रत्येक जोड खालच्याची चूक भरून काढतोय. लागोपाठ दोन जोड एकाच बाजूला गेले की तिथं भरपाई फसलीय, बघायला सुरुवात तिथून. आठवत असेल तर लहानपणी विटांचा मनोरा रचताना एक वीट डावीकडं गेली की पुढची आपण जरा उजवीकडं ठेवायचो, तसं.

सूज, कफ, जडपणा अशा तक्रारींत क्रमच वेगळा. शरीरातली बहुतेक लसीका, म्हणजे मांसात साठणारं जास्तीचं पाणी वाहून नेणारा द्रव, गळ्याखाली डाव्या बाजूला, कॉलरच्या हाडामागं शिरेत जाऊन मिळते. मग पायाची सूज असली तरी आधी तो वरचा भाग मोकळा करायचा, मग श्वासाचा पडदा, मग खाली यायचं. पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबलं की दारातला कचरा काढून उपयोग नसतो, आधी पुढचं चेंबर उघडावं लागतं, हे आमच्या पेठेत पोरासोरालाही माहितीये.

आणि ताजं, भडकलेलं दुखणं असेल तर नियम साधा, तिथं जायचंच नाही. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी नंदीध्वजाचा सराव सुरू झाला की एखादा तरी तरणाबांड गडी कमरेत उसण भरून येतो, एवढी उंच जड काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलायची म्हणजे चेष्टा नाही, येताना दोघांच्या खांद्यावर हात टाकून येतो. त्याची कंबर त्या दिवशी हाताला दगड लागते पण ती शरीरानं मुद्दाम केलेली दगड असते. तिथं जोर लावला तर अजून आवळेल. मग सुरुवात लांबून, बरगड्या, श्वास, मांडीच्या पुढचा भाग, ज्या बाजूला आराम वाटतो त्याच बाजूला नेऊन धरून ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांनी हळूच जवळ यायचं. पुस्तकात असे अजून ठोकताळे आहेत, मानेआधी पाठीचा वरचा भाग, बरगडीआधी तिथला मणका वगैरे. ठोकताळेच आहेत ते, कायदा नाही.

आता जरा कटू भाग. दोन तपासणाऱ्यांना एकाच पाठीवर हात ठेवायला लावला तर कुठला मणका अडकलाय यावर त्यांचं एकमत फारसं होत नाही. असे अभ्यास खूप झालेत आणि निकाल आमच्या बाजूनं नाहीत. दाबल्यावर दुखतं का यावर एकमत बरं असतं, कारण तिथं उत्तर पेशंट देतो. हालचाल किती कमी यावर वाईट. म्हणजे मी "तिसरी बरगडी अडकलीय" असं छाती ठोकून सांगते तेव्हा शेजारचा थेरपिस्ट पाचवी सांगेल आणि आम्ही दोघंही स्वतःला बरोबरच समजू. उपचाराच्या परिणामाचं म्हणाल तर १९९९ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या १५५ जणांवर अभ्यास झाला, ऑस्टिओपॅथीवाले आणि नेहमीचे उपचारवाले १२ आठवड्यांनी साधारण सारखेच सुधारले, फक्त ऑस्टिओपॅथीवाल्यांना गोळ्या कमी लागल्या. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये ४०० जणांवर खऱ्या आणि खोट्या हातउपचाराची तुलना झाली, खऱ्याचा फायदा निघाला पण छोटा, रोजच्या जगण्यात जाणवेल की नाही शंका यावी इतका.

मग हे सगळं सोडून द्यायचं का? मी सोडलं नाही, पण "मूळ जागा" हा शब्द सोडला. मला सापडते ती मूळ जागा असते असं मी आता मानत नाही, मी एक अंदाज बांधते आणि तो लगेच, त्याच टेबलवर, तपासते. इथं अण्णांचा माग आठवतो. त्यासाठी आधी एक मोजमाप ठरवावं लागतं, आणि ते पेशंटच्या कामाचं हवं. मान कुठपर्यंत वळते, हात पाठीमागं कुठल्या मणक्याला पोचतो, उकिडवं बसता येतं का. एक जागा धरायची, दोन-चार मिनिटं काम करायचं, उठवून तेच मोजमाप परत. बदललं तर अंदाज कामाचा होता. नाही बदललं तर पुढची जागा, आणि आपल्या सुंदर थिअरीला रामराम. बोटांच्या वाचनात चूक असली तरी ही पडताळणी ती चूक निदान पकडते. हेही खरं की हात फिरल्यावर तात्पुरतं कोणालाही बरं वाटतं, म्हणून मी तेच माप पुढच्या खेपेला, काहीही करायच्या आधी, परत घेते.

एक उदाहरण सांगते. विडी वळणाऱ्या एक मावशी, घरकुलातल्या. उजवी मान आणि खांदा सहा महिन्यांपासून, उजवीकडं वळून बघता येईना, रस्ता ओलांडताना अख्खं अंग फिरवायच्या. तीन ठिकाणी मान चोळून घेतलेली, दोन दिवस बरं वाटायचं की परत तेच. दिवसभर जमिनीवर बसणं, मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि पानं, डावा पाय कायम दुमडलेला, मान खाली. मी तपासलं तर दोन जागा ठळक आल्या, डावा खुबा एकदम आखडलेला आणि उजव्या बाजूला पाठीचा वरचा भाग, तिथली बरगडी श्वासाबरोबर हलेचना.

मला खुबा फार आवडला. गोष्ट जुळत होती ना, तीस वर्षं एक पाय दुमडून बसणं, त्यामुळं कंबर तिरकी, त्यामुळं पाठ उलटी, त्यामुळं मान. मनातल्या मनात तर मी पेशंटला समजावूनही टाकलं होतं. खुब्यावर काम केलं, खुबा छान सुटला, मावशींना उठवून मान वळवायला लावली. तेवढीच. कणभर फरक नाही.

मावशी म्हणल्या, "ओ मॅडम, मान दुखतेय हो माझी, पाय नाही."

गप्प बसले. मग बरगडीवर हात ठेवला, मावशींना श्वास घ्यायला लावला, सोडताना हलकेच साथ द्यायची, परत श्वास, असं पाच-सात वेळा, मग तिथल्या मणक्यावर थोडं. कुठंही कडकन आवाज नाही, त्यांच्या वयाला आणि हाडांना मानेत झटका द्यायचा प्रश्नच नव्हता. आता मान वळवा म्हणलं. दारातल्या कॅलेंडरपर्यंत येत होती ती खिडकीपर्यंत गेली. मानेला मी त्या दिवशी हातच लावला नाही आणि तिथंच थांबले, कारण त्याच दिवशी आणखी पाच जागा उकरल्या असत्या तर आठवड्यानं काय टिकलं आणि कशामुळं, ते कळलं नसतं. घरी जाताना एवढंच सांगितलं की सूप मांडीवर न ठेवता पालथ्या डब्यावर ठेवून बघा, म्हणजे मान तेवढी खाली जाणार नाही.

आठ दिवसांनी आल्या. डबा ठेवला होता, पण हजार विड्यांचा हिशोब चुकतोय म्हणून अर्धा दिवसच. मान खिडकीच्या जरा अलीकडं थांबत होती, म्हणजे काही टिकलं होतं, काही परत गेलं होतं. सोबत आलेली सून म्हणली, "मॅडम, परत तीच बरगडी का?" मी परत उभं केलं, वाकवलं, बसवलं, पालथं झोपवून हात फिरवला. बरगडी श्वासाबरोबर हलत होती. त्या खेपेला पाठीचा मधला भाग सगळ्यात घट्ट लागला, दोन पात्यांच्या खाली, म्हणून त्या दिवशी तिथून सुरू केलं.